कोपर धरायचा नाही

८ जानेवारी १९७४
सकाळी साडेसातला सायकलने कॉलेज. दुसऱ्या वर्षाचं क्लिनिक आजपासून सुरू. फिजिओथेरपीचा विभाग तळमजल्यावर, खिडक्या उत्तरेकडे, टेबलं गार. दुपारपर्यंत फक्त बघायचं, हात मागे. चार पेशंट पाहिले. विभागाच्या प्रमुख पाध्ये बाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरा एप्रन गुडघ्याखाली जातो. कमी बोलतात. दुपारी डबा. संध्याकाळी नागपुरातच सक्करदऱ्याला खोलीवर परत. भात लावला.
बाबांना जाऊन दोन महिने झाले.

११ जाने.
पाध्ये बाईंनी केसाचा अभ्यास दिला. आपल्याच डोक्याचा एक केस टेबलावर ठेवायचा, वर वहीचं एक पान. डोळे मिटून बोटाने सांगायचं, केस कुठे आहे आणि कसा पडला आहे. जमलं की दोन पानं. मग तीन. ठवकर चौथ्या पानाला अडकला. (ठवकर भंडाऱ्याचा, माझा जोडीदार. आम्ही एकमेकांच्या अंगावर हात बसवतो.) म्हणाला, "डोक्यावर उरलेच किती, त्यातले चार इथं गेले."
माझी अकरा पानं झाली. बाईंनी वही उचलून स्वतः मोजली.
"यापूर्वी काय करत होता, पराते?"
म्हटलं, घरी माग आहे. उमरेडला.
"मग बरोबर."
एवढंच. पण पुढे गेल्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं.
हे बाबांनी शिकवलेलं. मागावरच्या ताण्यावरून, उभ्या धाग्यांवरून, तळहात फिरवायचा, न बघता. एवढ्या धाग्यांत एखादाच ताठ असतो, आणि तोच आधी तुटतो. हाताला लागला की तिथल्या तिथे हलका हिसका द्यायचा, बरोबरीला येतो. तोच हात बाबा माणसांवर फिरवत. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. मुरगळलेले पाय, उतरलेले खांदे, मोडलेली मनगटं. बांबूच्या कामट्या आणि आमच्याच मागावरचं जुनं कापड. कोणाकडून काही घेतलं नाही. घेतलं तर हातगुण जातो म्हणत.

१४ जाने.
संक्रांत. आम्हाला यंदा सण नाही. ठवकरने तरी एक तिळगूळ हातावर ठेवला, बोल काही नको म्हणाला. खाल्ला.
रामटेकचा दिवस आठवला. अंबाळा तलावाच्या पायऱ्यांवर अस्थींचं मडकं सीताराम काकांनी धरलं होतं. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचा उजवा हात कोपरात वाकलेलाच आहे, सरळ होत नाही. मडकं त्या हातात बरोबर बसलं होतं.

१७ जाने.
माझा पहिला पेशंट. गुलाबराव. वय चाळीसच्या आसपास, लकडगंजला आरामशीनवर ओंडके उचलतो. डिसेंबरात सागाचा ओंडका घसरला, डावा कोपर निखळला. बसवून प्लास्टर घातलं होतं, ते परवा काढलं. कोन मोजला. वाकतो नव्वदपर्यंत. सरळ व्हायला अजून पन्नास कमी.
त्याने आडनाव विचारलं.
"उमरेडचे पराते? हाडं बसवत ते?"
हो म्हटलं.
"माह्या मेव्हण्याचा खांदा त्यायनंच बसवला. एक डाव हात लावला अन् खट्. तू त्यायचा पोट्टा होय. मंग काय गा, माहा हात सरळ झालाच समज. बरे हायेत नं बाबा?"
"गेले. कार्तिकात."
त्याने हात जवळ घेतला. मग हात पुन्हा टेबलावर ठेवला. "धर."

२२ जाने.
बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. गुलाबरावांचा कोपर पुढे.
"कोपराला तेल नाही, चोळणं नाही, ओढणं नाही. रुग्ण स्वतः हलवेल तेवढंच. तुमचा हात फक्त आधाराला." जबरदस्ती केली तर स्नायूत रक्त साकळतं आणि त्या मांसातच हाड धरायला लागतं. मग हात जन्मभर अडकतो. "आपल्याकडे असे हात गावोगाव आहेत. चोळून चोळून केलेले."
शोल्डर व्हीलजवळ, खांदा फिरवायच्या चाकाजवळ, उभा होतो. चाकाचा दांडा हातात धरला.
काका बैलगाडीवरून पडले तेव्हा मी सात वर्षांचा असेन. बाबा रोज संध्याकाळी मोहाचं तेल कोमट करून त्यांचा कोपर चोळत. वाटी मी धरायचो. काका दात आवळून बसत.
म्हणजे तो हात

२३ जाने.
काल पुढे लिहवलं नाही. आजही नको.

२९ जाने.
एक म्हातारी बाई आली, मान वळत नव्हती. पाध्ये बाईंनी तिच्या मानेखाली दोन्ही हात ठेवले आणि काहीच केलं नाही. पाच मिनिटं झाली असतील. बोटं हलली तरी हललेली दिसत नव्हती. म्हातारी आधी बोलत होती, सुनेची तक्रार. मग गप्प झाली. मग तिचा श्वास खाली उतरला, मला दारातून दिसला. नंतर बाईंनी सांगितलं की उजवीकडे तिसऱ्या मणक्यापाशी धरलंय. म्हातारी म्हणाली, "हो वं माय, तिथंच. तुले कसं समजलं?"
माझ्या बोटालाही ते लागलं असतं कदाचित, पण मी थांबलो नसतो.
बाबाही असे थांबत का? आठवायचा प्रयत्न केला. थांबत असावेत. ओट्यावर आवाज नसे एवढं आठवतं.
आज बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या बोटांना लवकर सापडतं, पराते. पण सापडलं की तुम्ही लगेच दुरुस्त करायला धावता. ठवकरच्या पाठीवर पाहिलं मी. ताठ लागलं की हिसका."
मागाची सवय आहे म्हटलं.
"हिसक्याने धागा उलट आखडत नाही. माणूस आखडतो."

४ फेब्रु.
गु. ची प्रगती हळू. वाक शंभर. सरळ व्हायला चाळीस कमी. रोज विचारतो, आज किती. त्याच्या मुकादमाने सांगितलंय, होळीच्या आधी कामावर ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो. होळीला महिना राहिला.
"तुमच्या या बाईचं काही समजत नाही बाप्पा. हात लावत नाही, तेल लावत नाही. नुसतं हलव म्हणते. मी का पंखा हलवाले येतो का इथं?"
हसू आलं. पण त्याला घाई आहे ती खरी आहे.

७ फेब्रु.
"तुहा बाप असता तं आजच्या आज करून टाकलं असतं." रोज एकदा म्हणतो. मला वाईट वाटत नाही. उलट ऐकावंसं वाटतं. कॉलेजमध्ये बाबांचं नाव घेणारा तेवढा एकच माणूस आहे.

९ फेब्रु.
बाई आज मीटिंगला. खोलीत मी आणि गु. दंडाच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या वर दोन बोटं, एक पट्टा ताठ लागला. अगदी स्पष्ट, मागावरच्या धाग्यासारखा. गु. म्हणाला, "सापडला नं? मंग ओढ की गा. काहून थांबतो?"
ओढला. एकदाच.
आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. तो ओरडला नाही. हात पुढे करून म्हणाला, "पाह्य, झाला का नाही मोकळा." मोजलं, सरळ व्हायला तीसच कमी. दहा एका दमात.
सायकलवरून येताना बाबांचा हात माझ्यात आला असं वाटलं. तेच लिहायला बसलो.

११ फेब्रु.
सकाळी गु. आला तो दुसऱ्या हाताने हात धरून. कोपर सुजलेला, गरम. सत्तरच्या पुढे वाकत नाही.
बाईंनी विचारलं काय झालं. गु. म्हणाला, "निजलो असन त्या अंगावर." मला वाचवत होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नोंद करायला पेन काढलं.
मी सांगितलं. शनिवारी ओढला. मी.
मला वाटलं होतं बाहेर काढतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझा हात धरला आणि गुलाबरावांच्या कोपरावर ठेवला, अलगद. वर आपला हात. "ऐका," म्हणाल्या. गरम होता. आत नाडीसारखं उडत होतं. किती वेळ तसे उभे होतो कळलं नाही.
मग कोपर वाकवून मागून प्लास्टरची पट्टी, झोळी, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. ४ मार्चला एक्स-रे. हाड धरायला लागलं की नाही ते तेव्हा कळेल. धरलं असेल तर करण्यासारखं फारसं नसतं, हे त्यांनी माझ्यासमोर गु. ला सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न लपवता.
मला: "रोज यायचं. रोज बघायचं. बोटांचा रंग बदलला का, सूज किती, लिहायचं. हात लावायचा नाही."

१३ फेब्रु.
गु. आला नाही.

१४ फेब्रु.
आला. माझ्याशी बोलला नाही. बोटं दाखवली, मी लिहिलं. जाताना दारात थांबला. "होळीले तीन हप्ते. घरी पाच तोंडं हायेत." राग आवाजात नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

१७ फेब्रु.
इतवारी स्टेशनहून छोट्या रेल्वेने उमरेड. आईने भाकरी आणि वांग्याची भाजी केली. आई बारीक झाली आहे. बाबांचा माग झाकून ठेवलाय.
काका ओसरीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते, डाव्या हाताने चाक, उजव्या वाकड्या हातात सूत. कांड्या भरायचं काम आमच्याकडे बायकांचं. लहानपणापासून त्यांना तेच करताना पाहतो, कधी विचारलं नाही. आज समोर बसून विचारलं. काका, तुमचा हात बाबांनी चोळला म्हणून असा झाला का?
काकांनी चाक थांबवलं नाही.
"हो. दादानंच चोळला. पंधरा-वीस दिवस. आधी बरा वाटे, मंग दगडासारखा झाला. तुले कोणं सांगतलं?"
कॉलेजमध्ये शिकवतात म्हटलं.
"मंग कॉलेज बरं हाय." थोडं हसले. "पाह्य, तुह्या बापानं मले नवरदेव करून सोडलं. हात सदा असा, जसा विडा धरून उभा हाय."
आई आतून म्हणाली, "सांगा त्याले पुढचं. नुसती मस्करी करून राहिले."
पुढचं काकांनी सांगितलं तसं लिहितो. त्यानंतर बाबांनी कोपर कधी धरला नाही. कोणाचाही नाही. कोणी कोपर घेऊन ओट्यावर आलं की म्हणत, चपला काढू नका. आणि सकाळच्या गाडीने त्या माणसाला स्वतः नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन जात. रांगेत उभे राहत, संध्याकाळी परत. कोणाला कारण सांगितलं नाही.
बाबा अधूनमधून अनोळखी माणसांबरोबर गाडीत बसत ते मला आठवतं. मला वाटायचं सूत आणायला जातात.
"अन् माहा माग," काका म्हणाले. "त्यावर कोण बसे, आठवते?"
आठवतं. बाबा. आपलं कापड झालं की दिवे लागेपर्यंत काकांच्या मागावर बसत. रोज. मला वाटायचं त्यांना विणायची आवड आहे.
"तेरा वर्षं. एक दिवस चुकला नाही. मी म्हटलं दादा आता पुरे, तं म्हणे, तू कांड्या भर. त्या गोष्टीवर आम्ही दोघं एवढंच बोललो."
चाक चालू होतं.
आईने निघताना डब्यात भाकरी बांधल्या. म्हणाली, "त्यायले माहीत होतं, तू ते शिकाले जाशीन तं कधी ना कधी विचारशीन. म्हणे, विचारलं तं सीताराम सांगन."

१८ फेब्रु.
गु. ला सांगितलं. माझ्या बाबांनी एक कोपर बिघडवला होता, आपल्या भावाचा. त्यांनी तुमचा कोपर धरलाच नसता. इथेच आणून सोडलं असतं.
गु. ने झोळीतला हात जरा वर धरला. "अन् मी रोज त्यायचंच नाव घेऊन तुले चढवलं."
तुमची चूक नाही म्हटलं.
"अर्धी हाय. अर्धी राहू दे मले."

२० फेब्रु.
क्लिनिक सुटल्यावर सायकल लकडगंजकडे वळवली. सकाळपासून ठरवत होतो, तरी चौकात दोनदा उतरलो. भुसा, सागाचा वास, करवतीचा आवाज. गु. बाहेर फळीवर बसला होता, मला पाहून उठला. मुकादम जाडजूड माणूस, कानामागे पेन्सिल.
"तू डाक्टर हायेस?"
"नाही. शिकून राहिलो."
"मंग तुले कोणं धाडलं?"
"कोणी नाही. यांचा हात माझ्या हातून बिघडला. यांची जागा ठेवा. उजवा हात चांगला आहे, उचलायचं सोडून दुसरं काम द्या." एवढं एका दमात बोललो. इतकं लांब मी अनोळखी माणसाशी कधी बोललो नसेन.
गु. म्हणाला, "याचं ऐकू नका मालक. ओढाले मीच सांगतलं."
मुकादमाने दोघांकडे पाहिलं. "भांडून घ्या आधी, कोणाची चूक हाय ते. मंग या."
पण थोड्या वेळाने त्याने गु. कडे खडू फेकला. ओंडक्यांवर नंबर आणि माप लिहायचं. "होळीपावतर. मंग पाहू."
गु. ने खडू झेलला उजव्या हाताने. म्हणाला, "चौथी पास कामाले आली."
दोन आकडे उलटे काढले. मी सांगितले, त्याने पुसून नीट केले.

२३ फेब्रु.
बाईंना लकडगंजचं कोणीतरी सांगितलं. मी नाही. आज नोंदवही पाहताना म्हणाल्या, "हे अभ्यासक्रमात नाही." मग पुढचं पान उलटलं.
ठवकरच्या पाठीवर सराव. ताठ जागा सापडली, डाव्या खांद्याखाली. थांबलो. काही केलं नाही. दोन-तीन मिनिटांनी ती आपोआप थोडी सैल झाल्यासारखी वाटली. ठवकर म्हणाला, "झोपला का गा?"
नाही म्हटलं. थांबलो होतो.

२७ फेब्रु.
केसाची पानं: सतरा. बाईंना सांगितलं नाही. या आकड्याचं आता काही वाटत नाही.
सूज गेली. बोटांचा रंग ठीक. गु. च्या पट्टीवर मुकादमाने खडूने नंबर टाकलाय, बाकी ओंडक्यांसारखा. गु. तो सगळ्यांना दाखवतो.

२ मार्च
पट्टी काढली. बाईंनी मला बोलावलं. "पाच मिनिटं. हात ठेवायचा. काही करायचं नाही. मग काय लागलं ते सांगायचं."
आधी बाहेर जाऊन हात पाण्याने धुतले, बगलेत धरून गरम केले. गु. खिडकीकडे तोंड करून पडला होता. हात ठेवला. आधी नुसतं माझंच लागत होतं, माझी नाडी, माझी भीती. मग ते कमी झालं. कातडी, खाली मांस, त्याचा श्वास. कोपराच्या वर दोन बोटं, तीच जागा. तिथे काहीतरी आहे. पण ते ताठ आहे की टणक? धागा की दगड? एकदा वाटे हे, एकदा वाटे ते. बोट जरा खोल गेलं असतं तर कळलं असतं कदाचित. नेलं नाही.
"काय लागतं?"
"माहीत नाही, बाई."
त्यांनी माझा हात काढला नाही, शेजारी आपला ठेवला. डोळे मिटले. ठवकर, बाकीचे, सगळे थांबले होते.
"मलाही नाही," म्हणाल्या. "सोमवारी पाहू."
बत्तीस वर्षं या कामात असलेली बाई पेशंटसमोर असं म्हणू शकते. मी ते लिहून ठेवतो.
गु. उठून बसला. "दोघायलेबी माहीत नाही म्हणता, मंग मले काहून भेव वाटून नाही राहिलं?" मग थोड्या वेळाने, "वाटते थोडं."
सोमवारी येताना एक्स-रेच्या रांगेत मी तुमच्यासोबत उभा राहीन म्हटलं. सकाळी लवकर या.
"ये. खडू घेऊन ये, नंबर टाकू."

३ मार्च
रविवार. क्लिनिक नाही. कपडे धुतले. आईला पत्र टाकलं. काकांना स्वतंत्र चार ओळी, पहिल्यांदाच. काय लिहावं कळेना, शेवटी त्यांच्या हाताविषयी काहीच लिहिलं नाही. कांड्या भरायचं चाक कुरकुरतं, त्यात तेल घाला, एवढं लिहिलं.
दुपारी तळ्यापर्यंत चालून आलो.
बाबा दर रविवारी ओट्यावर बसण्याआधी नखं काढत. ब्लेडने, अगदी मुळापासून. मग दगडी पायरीवर घासत, धार राहू नये म्हणून. नख लागलं की माणूस आखडतो, आखडला की बोटाले काही समजत नाही, असं म्हणत. तेव्हा मला घाई असायची, कधी एकदा नखं संपतात आणि माणसं ओट्यावर येतात.
संध्याकाळी दारात बसून नखं कापली. पायरीवर घासली, एकेक. उजव्या अंगठ्याची एक कड राहिली होती. ती पुन्हा घासली.